लिहिणाऱ्याला आपल्याकडून काय हवे असते?

‘स्टेशनपासून फक्त ५ मिनिटे. निसर्गाच्या कुशीत, नदीकिनारी. प्रस्तावित मेट्रो हाकेच्या अंतरावर. २५ वर्षांचा विश्वास. मुलांना द्या मोकळा श्वास. मोजकीच घरे शिल्लक. आजच साइटला भेट द्या. अटी लागू.’

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला असा मजकूर रोज कुठे ना कुठे भेटतो. लोकलच्या डब्यात, चौकातल्या होर्डिंगवर, सकाळच्या पेपरातून बाहेर पडणाऱ्या घडी घातलेल्या पत्रकात. वरचा नमुना कोणा एका बिल्डरचा नाही. अशा जाहिरातींत हमखास येणारी वाक्ये मी एका ठिकाणी आणली आहेत. या ओळींना आपण लेखन म्हणत नाही. पण कथा-कवितेच्या बाहेरचे जे लेखन माणूस आयुष्यभर वाचतो, त्यात अग्रलेख आणि वैचारिक ग्रंथ थोडे. पत्रके, नोटिसा, जाहिराती, अहवाल, निवेदने जास्त. या भागात राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांचा जन्मातला सर्वांत मोठा खर्च अशाच आठ ओळींपासून सुरू झाला आणि त्याचे हप्ते वीस-वीस वर्षे चालले. त्यामुळे पत्रक वाचता येणे मला कवितेच्या रसग्रहणाइतकेच महत्त्वाचे वाटते. शाळेत मात्र रसग्रहणालाच जागा मिळते.

मन वळवणाऱ्या लेखनाची पहिली व्यवस्थित मांडणी ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केली. माणसाचे मन तीन वाटांनी वळते, असे त्याने सांगितले. बोलणाऱ्याच्या पतीमुळे, ऐकणाऱ्याच्या भावना जाग्या झाल्यामुळे किंवा युक्तिवाद पटल्यामुळे. एथॉस, पॅथॉस आणि लॉगॉस ही त्या तीन वाटांची ग्रीक नावे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. वरच्या नमुन्यात तिन्ही वाटा आहेत. ‘२५ वर्षांचा विश्वास’ ही पत. ‘मोकळा श्वास’ ही माया, आणि ‘मोजकीच घरे शिल्लक’ ही संधी हुकण्याची धास्ती, दोन्ही भावनाच. ‘५ मिनिटे’ आणि ‘मेट्रो’ हा हिशोबाचा भाग. दहावीतला मुलगासुद्धा इतके चटकन शिकतो. पण अशा चिठ्ठ्या डकवून झाल्या म्हणजे हेतू सापडला, असे होत नाही. लेखकाने कोणती वाट धरली एवढेच कळते. तो कुठे निघाला आहे, ते कळत नाही.

त्यासाठीचे साधन आपल्याकडे फार जुने आहे आणि मराठी वाचकाच्या घरात ते एका प्रसिद्ध ग्रंथातून पोहोचलेलेही आहे. वेदवाक्यांचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी काही खुणा सांगून ठेवल्या. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट. अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट. अपूर्वता, म्हणजे दुसरीकडे न मिळणारे असे नवे काय सांगितले ते. फल, म्हणजे वाचून काय घडावे अशी अपेक्षा आहे ते. अर्थवाद, म्हणजे मुख्य मुद्द्याकडे ओढून नेण्यासाठी केलेली स्तुती किंवा निंदा. आणि उपपत्ती, म्हणजे दिलेली कारणे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात ही कसोटी मांडली आणि तिच्या आधारे गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर आहे, असा आपला पक्ष उभा केला.

टिळकांच्या आयुष्यात हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. १९०८ च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, त्यानंतरच्या ‘केसरी’तल्या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. त्यांचे भाषण सुमारे २१ तास चालले. लेख कोणी लिहिला, हा वाद तिथे नव्हता. लेख कशासाठी लिहिला, हा होता. सरकारने बॉम्बकडे काय म्हणून पाहावे ते सांगण्यासाठी, की सरकारविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी? नऊ ज्युरींपैकी सातांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी नाही. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगातच पुढे ‘गीतारहस्य’ लिहून झाले. लेखकाच्या हेतूचा निवाडा परक्यांनी केला तो ज्याने भोगला, त्यानेच हेतू ओळखण्याची शिस्त मराठीत आणून ठेवली. वाचक म्हणून मला या दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

ही शिस्त गीतेला चालते, तशी बदलापूरच्या पत्रकालाही चालते. चालवून पाहू.

आरंभ स्टेशनचा आहे आणि ‘अटी लागू’ सोडले तर शेवट ‘आजच साइटला भेट द्या’चा. म्हणजे वेळ वाचेल या आशेने आत घ्यायचे आणि वेळ नाही या घाईने बाहेर काढायचे. अभ्यास पाहायचा तर आठ ओळी पुरत नाहीत. साइटवर हातात मिळणारी गुळगुळीत कागदाची पुस्तिका घ्यावी. तिच्यात हिरवळ, जलतरण तलाव, हसरे कुटुंब पानोपानी येते. चटई क्षेत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला कार्पेट एरिया, एकदा येतो आणि तोही बारीक अक्षरात. ज्याची आवृत्ती जास्त, ते विकायला काढले आहे; घर त्याच्या मागून येते.

अपूर्वतेची खूण मला सर्वांत उपयोगी वाटते. एकेक वाक्य घ्यायचे आणि विचारायचे : हे वाक्य शेजारच्या इमारतीच्या पत्रकात जसेच्या तसे छापले तर चालेल का? ‘निसर्गाच्या कुशीत’ चालेल. ‘२५ वर्षांचा विश्वास’ चालेल. ‘मोकळा श्वास’ तर कर्जतपासून वाशिंदपर्यंत कुठेही चालेल. जी वाक्ये कुठेही चालतात, ती सगळी अर्थवादात टाकावीत. मीमांसक अर्थवादाला खोटे म्हणत नाहीत. तो स्वतःहून काही सिद्ध करत नाही, मूळ आज्ञेकडे ढकलण्यापुरताच असतो, असे ते मानतात. अर्थवाद बाजूला काढला की त्या इमारतीचे म्हणून फार थोडे उरते : पाच मिनिटे, नदी, मेट्रो, आणि नमुन्यात मी मुद्दाम न दिलेला महारेराचा नोंदणी क्रमांक.

आता उपपत्ती. पाच मिनिटे कशाने? चालत, रिक्षाने की पहाटे रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलने? आणि मुळात पाच मिनिटांचा आकडा कोणत्या आकड्याच्या जागी बसवला आहे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६०. बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याचा एका बाजूचा लोकलप्रवासच दीड तासाच्या आसपास होतो. दिवसाचे तीन तास घेणारी गोष्ट पत्रकात नाही, दहा मिनिटे वाचवणारी आहे. छापलेला आकडा खोटा नसेलही. लेखकाने मोजायला कोणता तुकडा निवडला, त्यावरून त्याचा हेतू दिसतो.

‘प्रस्तावित’ या शब्दावरही थांबायला हवे. कांजूरमार्ग ते बदलापूर अशी मेट्रो १४ ची आखणी आहे. पण आखणी, मंजुरी, निविदा, काम आणि धावणारी गाडी या पाच वेगळ्या अवस्था आहेत आणि ‘हाकेच्या अंतरावर’ हे शब्द शेवटच्या अवस्थेलाच शोभतात. वाक्यातले अंतर आजचे आहे, मेट्रो उद्याची आहे.

राहिली नदी. उल्हास नदीच्या काठी घर, ही कल्पना खरोखरच सुंदर आहे; पावसाळ्यात बदलापूर परिसर पाहिलेला माणूस ते नाकारणार नाही. पण नदीकाठाला दोन रेषा असतात. पाटबंधारे खाते नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याचे पोहोचेल ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, दोन रेषांच्या मध्ये अटी. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढले. ती नदी हीच. पत्रकातली नदी मात्र बाराही महिने खिडकीच्या चौकटीत राहते. मीमांसकांच्या यादीत नसलेली एक खूण मी इथे स्वतःहून जोडीन : जे सांगणे लेखकाला सहज शक्य होते आणि वाचकाला हवे होते, पण सांगितले नाही, ते.

कायद्याने या वाचनाला चांगला हातभार लावला आहे. केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याखालचे प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीयोग्य प्रकल्पाची जाहिरात नोंदणीशिवाय करता येत नाही, जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ द्यावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक झाला. कार्पेट एरियाची व्याख्या कायद्यातच आहे : आतल्या भिंती धरून वापरण्याजोगी जागा, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची त्यात नाही. आणि कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाई विकासकाने द्यायची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जाहिरात हे जबाबदारी घेऊन केलेले विधान आहे. वाचकानेही ते त्याच नजरेने वाचले पाहिजे.

याच नजरेने अंबरनाथचे शिवमंदिर पाहिले, तर तिथेही एक मजकूर आहे आणि तो या भागातला सर्वांत जुना. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. तो उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मामवाणी राजाच्या काळचा आहे. लेख संस्कृतात आहे. मंदिराच्या उभारणीची माहिती त्यात मिळते, पण त्याआधी राजाची बिरुदे आणि त्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांची नावे येतात. आजच्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि वाचक तो ओलांडून तारखेकडे धावतो. हेतू मात्र तिथेच आहे. ‘महामंडलेश्वर’ ही पदवी मुळात मांडलिकाची. शिलाहार राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूट सत्ता दहाव्या शतकाच्या अखेरीस कोसळल्यावर ते बरेचसे स्वतंत्र झाले, तरी पदव्या त्याच राहिल्या. त्यांच्या ताम्रपटांत आपण तगरपुराचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे अधिपती आणि जीमूतवाहनाचे वंशज असल्याचे ते अभिमानाने सांगतात. कोकणात राज्य करणाऱ्याला घाटावरच्या पुरातन नगराचे नाव लागते ते पतीसाठी. ॲरिस्टॉटलची पहिली वाट दगडात आणि तांब्यात कोरलेली दिसते.

हा मजकूर वाचणार कोण होते? संस्कृत जाणणारे थोडे. म्हणून याच शिलाहारकाळात कोकणात दुसरा एक प्रकार दिसतो, गधेगाळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या गाढवाच्या शिवीचे उघडेवाघडे चित्र. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, त्याचाही शेवट अशाच शापाने होतो. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे अशी ही धमकी आहे. चंद्र-सूर्य असेतो दान टिकावे, हा हेतू दरबारी लेखातही असे आणि गावाच्या शिवेवरच्या दगडातही. वाचक बदलला की भाषा बदलली, आर्जव बदलले. पतीची जागा भीतीने घेतली. लेखकाचा हेतू शोधताना त्याचा वाचक कोण, हे आधी ठरवावे लागते ते यासाठीच.

उल्हासनगरबाबत एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्रात सांगितली जाते. तिथे बनलेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहीत आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगत, अशी ती गोष्ट. शिक्का कोणी, कधी, कोणत्या मालावर मारला, याची खातरजमा केलेला माणूस ती सांगणाऱ्यांत सहसा सापडत नाही. उसन्या पतीचे उदाहरण म्हणून ती वर्गात सांगण्याचा मोह होतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्या गोष्टीलाच कसोटी लावणे. तिचे फल काय? ऐकणाऱ्याने काय मानून उठावे? उल्हासनगरचा माल नकली आणि माणूस लबाड, हे. आणि तिने काय गाळले? फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची कोनशिला बसली, तिला उल्हासनगर नाव मिळाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजही त्या छावणीची आठवण ठेवून आहेत. त्या बराकींतून पुढे जीन्सचा आणि फर्निचरचा केवढा तरी बाजार उभा राहिला. दोन ओळींच्या चटकदार गोष्टीत हे मावत नाही आणि मावू नये अशीच तिची बांधणी आहे. एका समाजाविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आपण माहिती म्हणून पुढे देतो, तेव्हा आपणही लेखकच असतो आणि हेतूची जबाबदारी आपल्यावरही येते.

क्रियापदांकडे बघायची सवय लावून घेतली, तर पुष्कळ काही उलगडते. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून कल्याणकडे जाऊन उल्हासला मिळते. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी या नद्यांना भोवले. वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत टाकलेल्या रसायनातून वायू पसरला आणि उल्हासनगरातल्या अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा प्रसंगावर तीन प्रकारचे मजकूर निघतात. ‘नदीत रसायन मिसळले गेले’ असे एकात असते. मिसळणारा वाक्यात नाही. ‘अज्ञात टँकरचालकाने रसायन सोडले’ असे दुसऱ्यात. कर्ता आला, पण जो सर्वांत लहान तोच आला, टँकर भरून देणारा आला नाही. तिसऱ्यात रहिवाशांचे निवेदन : ‘आमची मुले रात्रभर खोकत होती, याला जबाबदार कोण?’ यातले भावनेचे वाक्य शेवटचे, म्हणून ते कमी विश्वासाचे, असे आपल्याला शिकवले जाते. मला ते मान्य नाही. खोकणारी मुले हा त्या घटनेचा पुरावा आहे. भावनेने पुरावा झाकला की ती वाचकाची फसवणूक. पुराव्यातूनच ती आली तर तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ याचे उत्तम उदाहरण. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला, त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीलाच बोल लावले गेले. १८८२ साली ताराबाईंनी हे पुस्तक लिहून उत्तर दिले. पुस्तक संतापाने पेटलेले आहे. पण त्याचा कणा सरळ युक्तिवादाचा आहे : जे दोष तुम्ही बायकांना लावता, ते एकेक घेऊन पुरुषांना लावून पाहू. त्यांना लागणारा मापदंड तुम्हाला का नाही? संताप काढून टाकला तर युक्तिवाद उरतो, युक्तिवाद काढला तर संताप निराधार होतो. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. वालधुनीकाठच्या निवेदनाला मी याच परंपरेत बसवीन.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे हेतूवरून तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून तो वाद, जिंकावे म्हणून तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करायचे ती वितंडा. निवडणूक जवळ आली की घराघरांत ‘कार्यअहवाल’ येतो, त्यालाही ही विभागणी लावता येते. ‘मंजूर करून घेतले’, ‘पाठपुरावा सुरू आहे’, ‘पूर्ण झाले’ अशी क्रियापदे वेगवेगळ्या रंगांत अधोरेखित करून पाहावीत. विरोधकाच्या पत्रकात स्वतः काय करणार ते किती ओळींत आहे, तेही मोजावे.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली मुलांना जाहिरात लिहायला शिकवतात, बातमी लिहायला शिकवतात. आकर्षक शब्दरचना, ठळक मथळा, सवलतीचा उल्लेख यांना गुण मिळतात. म्हणजे आपण मुलांना मन वळवायला शिकवतो आणि दुसरा आपले मन वळवत असताना सावध राहायला शिकवत नाही. हे मला खुपते, कारण साहित्य गोळा करायला एक पैसा लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते. ते एखाद्या दिवशी बंद राहणार असले की प्राधिकरणाची सूचना येते, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि त्याआधीच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आलेला असतो. तिन्ही मजकूर फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ‘तांत्रिक कारणास्तव’ कोणत्या मजकुरात आहे? कारण कोणी सांगितले, तारीख कोणी, टँकरचा खर्च कोणी? पाणी जपून वापरा असे कोण म्हणते, कोणावर तरी चिडा असे कोण सुचवते आणि नुसते भरून ठेवा एवढेच कोण सांगते? पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत एवढे आरामात होते.